एचटीट्रॅकने उतरवलेली साइट कोरी, अर्धवट किंवा मोडकी दिसते: निदान आणि उपाय

तक्रार नेहमीची आहे. एचटीट्रॅकला किंवा वीगेटला (अख्खी साइट संगणकावर उतरवून घेणारी सॉफ्टवेअर) पत्ता दिला, डाउनलोड बराच वेळ चालले आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. नेट बंद करून पहिले पान उघडले, तर समोर पांढरा पडदा किंवा नुसती फिरत राहणारी चकती. कधी मजकूर येतो पण चित्रे येत नाहीत, कधी मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात. सेटिंग बदलून पुन्हा उतरवले तरी तेच.

सेटिंगमध्ये दोष असतो, पण दरवेळी नाही. एचटीट्रॅक १९९८ साली आले. त्या वेळी साइट म्हणजे एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या तयार एचटीएमएल फायली. पहिली फाइल घ्यायची, तिच्यातले दुवे शोधायचे, ते उतरवायचे आणि पत्ते बदलून आपल्या फोल्डरकडे वळवायचे, एवढेच या सॉफ्टवेअरचे काम. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढची काही वर्षे तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या पल्सचे बिल वेगळे. साइट एकदा उतरवून, लाइन सोडून निवांत वाचण्यात तेव्हा खरोखर पैसे वाचत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ अशी सोय होती. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ती गेली.

आजच्या पुष्कळ साइट फायलींच्या रूपात येतच नाहीत. सर्व्हर एक जवळजवळ रिकामे पान आणि जावास्क्रिप्टचा मोठा गठ्ठा पाठवतो. ती स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये चालते, मागून माहिती मागवते आणि पान रचते. एचटीट्रॅक आणि वीगेट स्क्रिप्ट चालवत नाहीत. एचटीट्रॅक स्क्रिप्टमध्ये पत्त्यासारखे काही दिसले तर अंदाजाने उचलते, त्यापलीकडे काही नाही. म्हणून आपली साइट कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवावे आणि मगच सेटिंगला हात लावावा. दहा मिनिटांची ही तपासणी पुढचे दोन दिवस वाचवते.

एक सूचना: पुढे पर्यायांची आणि टॅबची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती मूळ रोमन अक्षरांतच टंकावीत.

आधी लॉग, मग पानाचा सोर्स

एचटीट्रॅकच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये ‘एचटीएस-लॉग’ नावाची टेक्स्ट फाइल असते. तिच्या शेवटच्या ओळीत किती दुवे तपासले आणि किती फायली लिहिल्या याचा हिशेब असतो. शेकडो पानांच्या साइटवर तपासलेले दुवे दहा-वीसच असतील, तर सॉफ्टवेअरला दुवेच सापडलेले नाहीत, म्हणजे जावास्क्रिप्टची शक्यता मोठी. लॉगभर ४०३, ४२९ किंवा ५०३ असे आकडे असतील, तर सर्व्हरने तुम्हाला अडवले आहे. ‘मिरर इज एम्प्टी’ असा संदेश असेल, तर पहिलाच पत्ता मिळालेला नाही. असे बहुधा पत्त्यातली चूक, सुरक्षित जोडणीची अडचण किंवा अडवणूक यांपैकी एकामुळे होते.

मग साइट ब्राउझरमध्ये उघडा. कंट्रोल आणि यू दाबून सोर्स पाहा आणि पानावरचे एखादे ठळक वाक्य त्यात शोधा. सापडले, तर ते पान सर्व्हरकडूनच तयार येते आणि जुनी पद्धत चालेल. नाही सापडले, तरी लगेच निष्कर्ष काढू नका, कारण मराठीत इथे फसायला होते. मजकूर सोर्समध्ये असतो, पण देवनागरीत नसतो. काही साइट प्रत्येक अक्षराचा दशमान आकडा लिहितात. ‘म’ साठी २३५० हा आकडा, आधी अँपरसँड आणि हॅश, शेवटी अर्धविराम. देवनागरीचे सगळे आकडे २३०४ ते २४३१ या पट्ट्यात येतात. असा मजकूर उतरवल्यावर व्यवस्थित दिसतो, काळजी नको. दुसरा प्रकार स्क्रिप्टमधल्या माहितीचा. तिथे उलटी तिरकी रेघ, मग रोमन यू आणि पुढे चार अंक-अक्षरे असतात, आणि देवनागरीसाठी त्यांतली पहिली दोन नेहमी शून्य आणि नऊ. सोर्समध्ये रोमन यू, शून्य, नऊ असे शोधा. भरपूर सापडले, तर मजकूर पानासोबत येतो आहे, पण तो दाखवण्यासाठी स्क्रिप्ट चालावी लागते.

पक्की खात्री करायची तर ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा लोड करा. जे दिसेल, साधारण तेवढेच एचटीट्रॅक आणू शकते.

पान कोरे: कारणे दोन, उपाय वेगळे

पहिले कारण वर आले: मजकूर मुळात उतरलाच नाही. दुसऱ्या कारणाकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. फायली सगळ्या उतरलेल्या असतात, पण फोल्डरमधल्या फाइलवर दोनदा क्लिक करून उघडलेल्या पानाला ब्राउझर बरीच बंधने घालतो. अशा पानाला शेजारची फाइल स्क्रिप्टमधून वाचता येत नाही आणि मॉड्यूल प्रकारच्या स्क्रिप्ट लोडच होत नाहीत. क्रोममध्ये हे आधीपासून होते, फायरफॉक्सने २०१९ च्या ६८व्या आवृत्तीपासून तसेच केले. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर चालणारी तीच प्रत नव्या संगणकावर कोरी दिसते आणि दोष डाउनलोडला दिला जातो.

एफ-१२ दाबून कन्सोल बघा. ‘सीओआरएस’ किंवा ‘ओरिजिन नल’ असे शब्द असलेल्या लाल ओळी दिसल्या, तर हे दुसरे कारण. प्रत पुन्हा उतरवू नका, ती छोट्या स्थानिक सर्व्हरमधून उघडा. संगणकावर पायथन ३ असेल तर वेगळे काही घ्यावे लागत नाही. साइटच्या नावाचे जे फोल्डर तयार झाले आहे त्याच्या आत कमांड विंडो उघडा, पायथनला वजा-एम पर्यायाने ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हे मॉड्यूल चालवायला सांगा आणि शेवटी पोर्ट ८००० द्या. मग ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, कोलन (दोन टिंबांचे रोमन चिन्ह) आणि ८००० असा पत्ता टाका. सर्व्हर साइटच्या फोल्डरच्या आतूनच सुरू झाला पाहिजे. एक पायरी वरून सुरू केला तर स्क्रिप्टने तयार केलेले, तिरक्या रेघेने सुरू होणारे सगळे पत्ते चुकतात आणि पान पुन्हा मोडते.

कन्सोलमध्ये बाहेरच्या पत्त्यावरून माहिती न मिळाल्याच्या ओळी असतील, तर ते पहिले कारण. अशा साइटसाठी एचटीट्रॅकच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नये. खाली दिलेली ब्राउझरवर चालणारी साधने वापरावीत. तुम्हाला फक्त तक्ता किंवा यादी हवी असेल, तर त्याहून सोपा मार्ग आहे. एफ-१२ मध्ये नेटवर्क टॅब उघडा, ‘फेच / एक्सएचआर’ गाळणी लावा आणि पान पुन्हा लोड करा. ज्या विनंतीच्या उत्तरात तुमची माहिती जेसन (माहिती देवाणघेवाणीचे मजकुरी स्वरूप) स्वरूपात दिसते, ते उत्तरच जतन करा. बाजारभाव, पर्जन्यमान, याद्या अशा मजकुरासाठी पानाच्या प्रतीपेक्षा ही फाइल जास्त उपयोगी पडते.

आणखी एक नमुना सरकारी साइटवर वारंवार दिसतो. निर्णयांची किंवा परिपत्रकांची यादी आहे, खाली १, २, ३ असे पानांचे आकडे आहेत, आणि उतरवलेल्या प्रतीत फक्त पहिले पान आहे. त्या आकड्यावर माउस ठेवून खाली पत्ता पाहा. पत्त्याऐवजी ‘डूपोस्टबॅक’ असे दिसले, तर ती जुनी एएसपी डॉट नेट वेबफॉर्म्सची रचना आहे. ‘पान २’ ला स्वतःचा पत्ताच नसतो, फॉर्म पाठवल्यावर ते तयार होते. दुव्यांवरून चालणारे कोणतेही सॉफ्टवेअर तिथे पोचत नाही. प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडून त्यातले पीडीएफचे दुवे गोळा करायचे आणि ती यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये, ओळीला एक पत्ता अशी लिहून वीगेटला ‘इनपुट-फाइल’ म्हणून द्यायची, हा सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता.

४०३, ४२९, ५०३

एचटीट्रॅक मुळातल्या सेटिंगमध्ये स्वतःची ओळख विंडोज ९८ वरचा जुना मोझिला अशी देते. कित्येक सर्व्हर ही ओळख दिसताच ४०३ पाठवतात. ‘ब्राउझर आयडी’ टॅबमध्ये आजच्या ब्राउझरची ओळख टाकली की काही साइट चालू लागतात. ४२९ म्हणजे तुम्ही घाई करत आहात. ‘फ्लो कंट्रोल’मध्ये एकाच वेळच्या जोडण्या एक-दोनवर आणा आणि ‘लिमिट्स’मध्ये सेकंदाला एक जोडणी ठेवा. वीगेटमध्ये ‘वेट’ २ आणि सोबत ‘रँडम-वेट’ द्या. हिशेब आधी करून ठेवावा: दोन सेकंदांच्या अंतराने १०,००० पाने म्हणजे २०,००० सेकंद, साधारण साडेपाच तास, आणि चित्रे धरली तर त्याच्या कितीतरी पट.

उतरलेल्या पानावर ‘जस्ट अ मोमेंट’ एवढेच असेल, तर साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर या संरक्षण-सेवेची तपासणी उभी आहे. समोर खरा ब्राउझर आहे का, हे ती स्क्रिप्ट चालवून आणि जोडणीच्या ठेवणीवरून ओळखते. नुसती ओळख बदलून काम होत नाही. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्यांमागे लागू नये. त्या आठवड्याभरात बंद पडतात आणि तुमचा आयपी पत्ता अडकतो. साइटच्या मालकाला लिहावे. लहान संस्था, मासिके, ग्रंथालये पुष्कळदा सगळी सामग्री सरळ देतात. रोबोट्स फाइलचेही तसेच. सॉफ्टवेअरने कोणती पाने उतरवू नयेत, हे साइट तिच्यात सांगते. दोन्ही सॉफ्टवेअर ती पाळतात, आणि एचटीट्रॅकच्या ‘स्पायडर’ टॅबमध्ये ते बंद करता येते. पण त्या फाइलमध्ये मालकाने शोध-पानांसारखे अंतहीन सापळे वगळलेले असतात. ती न वाचताच बंद केली, तर डाउनलोड नेमके त्या सापळ्यांत अडकते.

जुने सॉफ्टवेअर किंवा जुना संगणक असेल तर अडचण आणखी आधी येते. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएसच्या (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या) १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद केल्या, अनेक सर्व्हरही आता १.२ च्या खाली बोलत नाहीत. टेलिपोर्ट प्रोसारख्या कार्यक्रमांच्या जुन्या प्रतींची जोडणी तिथेच तुटते. साइटना मोफत सुरक्षा-प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ज्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबत होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. त्यानंतर जुन्या ओपनएसएसएलवर (सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या घटकावर) चालणारे वीगेट चांगल्या साइटलाही ‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’ म्हणू लागले. प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्यापेक्षा नवे वीगेट घ्या. फेडोरा ४० पासून मात्र वीगेट या नावाखाली वीगेट-२ येते आणि त्याला वॉर्क (वेब-संग्रहाच्या स्वरूपातली) फाइल लिहिता येत नाही. तुमची जुनी स्क्रिप्ट अचानक बंद पडली असेल, तर कारण हे असू शकते.

चित्रे येत नाहीत

बहुतेक वेळा चित्रे दुसऱ्या होस्टवर (दुसऱ्या नावाच्या सर्व्हरवर) असतात आणि सॉफ्टवेअर दिलेल्या होस्टबाहेर जात नाही. एचटीट्रॅकच्या ‘लिंक्स’ टॅबमध्ये ‘गेट नॉन-एचटीएमएल फाइल्स रिलेटेड टू अ लिंक’ ही खूण करा. वीगेटमध्ये ‘पेज-रिक्विझिट्स’ आणि ‘स्पॅन-होस्ट्स’ दोन्ही द्या, पण ‘डोमेन्स’मध्ये साइटचा आणि चित्रांचा अशी दोनच नावे लिहा. ‘डोमेन्स’ न लिहिता ‘स्पॅन-होस्ट्स’ दिले, तर डाउनलोड दिसेल त्या दुव्यामागे इंटरनेटभर भटकते.

दुसरा प्रकार: पान खाली सरकवल्यावर येणारी चित्रे. सोर्समध्ये चित्राच्या नेहमीच्या जागी एक पारदर्शक ठिपका असतो आणि खरा पत्ता ‘डेटा-एसआरसी’ अशा नावाखाली. स्क्रिप्ट चालल्याशिवाय तो पत्ता बहुधा वाचला जात नाही. अशा पानांना ब्राउझरवर चालणारी साधनेच लागतात.

मराठी ब्लॉग पुष्कळसे ब्लॉगर आणि वर्डप्रेसवर आहेत. ती पाने बहुतेक सर्व्हरकडूनच तयार येतात, म्हणून जुन्या पद्धतीने आजही उत्तम उतरतात. फक्त काही खोडी माहीत हव्यात. ब्लॉगरवर चित्राला दिलेल्या दुव्यात ‘एस१६००-एच’ असा तुकडा असेल, तर तो पत्ता चित्राचा दिसतो, पण प्रत्यक्षात एक एचटीएमएल पान देतो. प्रतीत चित्रावर क्लिक केले की काही उघडत नाही ते यामुळे. चित्रांचे होस्ट जुन्या नोंदींसाठी ‘बीपी’ असलेले ब्लॉगस्पॉटचे उपपत्ते आणि नव्या नोंदींसाठी गूगलयूजरकंटेंटखालचा ब्लॉगर असा उपपत्ता. दोन्ही ‘स्कॅन रूल्स’मध्ये अधिक चिन्ह लावून घाला. ब्लॉगने ‘डायनॅमिक व्ह्यूज’ ही रचना घेतली असेल, तर पान कोरे येते. तिथे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, एम, बरोबरचे चिन्ह आणि १ लावून मोबाइल रूप पाहा, किंवा ब्लॉगची फीड (नोंदींची सॉफ्टवेअरला वाचता येणारी यादी) उतरवा. ब्लॉग स्वतःचा असेल तर यातले काहीच नको. ब्लॉगरच्या सेटिंगमधला ‘बॅक अप’ आणि वर्डप्रेसचा ‘एक्सपोर्ट’ सगळ्या नोंदी एका एक्सएमएल फाइलमध्ये देतात. चित्रे त्या फाइलमध्ये नसतात, ती वेगळी उतरवावी लागतात.

मराठी मजकूर आणि मराठी फाइलनावे

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हा भाग जवळजवळ नसतो, आणि मराठी प्रती इथेच सगळ्यात जास्त मोडतात.

मजकुराच्या जागी रोमन ‘ए’ वर टिंबे-टोप्या असलेली अक्षरे आणि चिन्हे दिसली, तर मजकूर शाबूत आहे, फक्त ब्राउझर तो चुकीच्या संकेतात वाचतो आहे. पान यूटीएफ-८ या संकेतात असल्याचे मूळ सर्व्हर हेडरमध्ये (पानाआधी पाठवलेल्या माहितीच्या ओळींत) सांगत होता. फाइल म्हणून जतन करताना हेडर मागे राहिला. एचटीट्रॅक अशा पानात संकेताची मेटा ओळ स्वतः घालते, वीगेट घालत नाही. प्रत्येक फाइलच्या हेडमध्ये पहिल्याच ठिकाणी ‘मेटा कॅरसेट यूटीएफ-८’ ही ओळ घातली की प्रश्न मिटतो. नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये ‘फाइंड इन फाइल्स’ने पूर्ण फोल्डरवर एकदम बदल करता येतो. आधी फोल्डरची प्रत काढा.

फाइलनावांचा प्रश्न मोठा. लेखाच्या मराठी मथळ्याचा पत्ता होतो तेव्हा प्रत्येक देवनागरी अक्षर-चिन्हाचे तीन बाइट होतात आणि टक्केवारीच्या चिन्हांत लिहिले की नऊ रोमन वर्ण. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. विंडोजमध्ये पूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० वर्णांची. म्हणजे जेमतेम २८ अक्षर-चिन्हांत २५२ वर्ण संपतात आणि पाच-सहा शब्दांचा मथळा मर्यादेबाहेर जातो. त्या फायली लिहिल्याच जात नाहीत, किंवा लिहिल्या गेल्या तर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येत नाहीत. प्रोजेक्ट डेस्कटॉपखालच्या चार फोल्डरांत न ठेवता थेट ड्राइव्हच्या मुळाशी एक-दोन अक्षरांच्या फोल्डरमध्ये ठेवा. तेवढ्याने भागले नाही, तर एचटीट्रॅकच्या ‘बिल्ड’ टॅबमध्ये लहान नावांची रचना निवडा. नावे वाचनीय राहत नाहीत, पण दुवे चालतात.

लिनक्सवर अडचण वेगळी. वीगेट १२८ ते १५९ या किमतींच्या बाइटना नियंत्रणवर्ण समजून बदलते. देवनागरीच्या तिसऱ्या बाइटपैकी बरेच याच पट्ट्यात पडतात, त्यामुळे नावातली काही अक्षरे नीट उमटतात आणि काहींच्या जागी टक्केवारीचे तुकडे येतात. ‘रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स’ या पर्यायाला ‘नोकंट्रोल’ ही किंमत द्या. हा पर्याय सुरुवातीलाच द्यायचा असतो. अर्धे डाउनलोड झाल्यावर दिला तर त्याच पानांच्या दोन नावांच्या दोन प्रती होतात.

तिसरी गोष्ट युनिकोडपूर्व साइटच्या जुन्या प्रतींची. २००० च्या आसपासचा मजकूर शिवाजी, शुषा, डीव्हीबी अशा वळणांच्या फॉन्टमध्ये टंकलेला असे. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरेच असत. साइट फॉन्ट सोबत पाठवत असे, इंटरनेट एक्स्प्लोररसाठी ईओटी स्वरूपात. या ईओटी फाइलमध्ये ती कोणत्या पत्त्यावर चालेल याचे बंधन लिहिता येई, म्हणून फॉन्ट उतरवला तरी तुमच्या फोल्डरमधून तो लागू होत नाही. बाकी ब्राउझरांनी हे स्वरूप स्वीकारलेच नाही आणि इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. त्याच फॉन्टची टीटीएफ फाइल मिळाली तर ती संगणकावर बसवा, पान वाचता येईल. युनिकोडमध्ये रूपांतर करायचे तर त्या नेमक्या फॉन्टचा परिवर्तक हवा. शिवाजीचा परिवर्तक शुषाला चालत नाही. मूळ प्रत कधीही पुसू नका. रफार आणि जोडाक्षरे रूपांतरात चुकतात आणि ती दुरुस्त करायला मूळ समोर लागते.

डाउनलोड संपतच नाही

दिनदर्शिका, ‘क्रम लावा’चे दुवे, छपाईची पाने, शोधाचे निकाल यांमुळे त्याच मजकुराचे हजारो पत्ते तयार होतात. वर्डप्रेसवर ‘रिप्लायटूकॉम’ आणि ‘शेअर’ असलेले पत्ते, ब्लॉगरवर ‘शोकॉमेंट’ आणि ‘सर्च’ असलेले पत्ते वगळा. एचटीट्रॅकमध्ये वजा चिन्ह, तारांकन, तो शब्द, पुन्हा तारांकन अशी ओळ, वीगेटमध्ये ‘रिजेक्ट-रेजेक्स’. लॉगिन लागणारी साइट असेल तर ‘लॉगआउट’ असलेला पत्ता सर्वांत आधी वगळा, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच त्यावर जाते आणि पुढची सगळी पाने लॉगिनचीच उतरतात. लॉगिनसाठी ब्राउझरमधल्या कुकी (तुमचे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) नेटस्केप स्वरूपाच्या ‘कुकीज’ टेक्स्ट फाइलमध्ये काढून एचटीट्रॅकच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये ठेवाव्यात किंवा वीगेटला ‘लोड-कुकीज’ने द्याव्यात. ही फाइल म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली आहे. काम झाल्यावर ती पुसा, आणि प्रत कोणाला देण्याआधी फोल्डरमध्ये ती राहिली नाही ना ते पाहा.

मग वापरायचे काय

एखादे-दुसरे पान हवे असेल तर सिंगलफाइल हे ब्राउझर-एक्स्टेन्शन पुरते. पान तुमच्यासमोर पूर्ण रचले गेल्यावर ते जतन करते, म्हणून जावास्क्रिप्टची अडचण उरत नाही. चित्रे आणि शैली एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बसतात. चित्रे मजकुराच्या रूपात लिहिली गेल्याने ती साधारण एक तृतीयांशाने फुगतात, तेवढे चालवून घ्यावे. जतन करण्याआधी पान एकदा शेवटपर्यंत सरकवा. दहा-वीस लेख असतील तर सगळे टॅबमध्ये उघडून एकदम जतन करता येतात. नंतर वाचू म्हणून एखाद्या ऑनलाइन सेवेवर विसंबणे टाळा. पॉकेट ही अशीच सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली, आणि गूगलने आपल्या शोधातले जतन-प्रतींचे दुवे २०२४ च्या सुरुवातीला काढून टाकले. फाइल आपल्या डिस्कवर असावी.

पानांतले मेनू, खुलणारे भाग, व्हिडिओ जसेच्या तसे चालायला हवे असतील, तर वेबरेकॉर्डर प्रकल्पाचे आर्काइव्हवेब-डॉट-पेज वापरा. क्रोमच्या जातीच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बसवून ‘स्टार्ट आर्काइव्हिंग’ दाबायचे आणि साइट नेहमीसारखी पाहायची. ब्राउझर सर्व्हरशी जे काही बोलतो ते सगळे नोंदले जाते. ज्यावर क्लिक केले नाही ते नोंदले जात नाही, एवढे लक्षात ठेवून प्रत्येक ‘आणखी पाहा’ दाबावे. शेवटी वॅक्झ (नोंदलेल्या साइटची एकत्र बांधलेली) फाइल काढून घ्यायची आणि ती रीप्लेवेब-डॉट-पेजमध्ये उघडायची. नेट नसलेल्या ठिकाणी न्यायची असेल, तर रीप्लेचे डेस्कटॉप ॲप आधीच बसवून ठेवा.

शेकडो पानांसाठी त्याच प्रकल्पाचा ब्राउझट्रिक्स क्रॉलर आहे. तो डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या बंदिस्त जागेत चालवणाऱ्या व्यवस्थेत) चालतो आणि खरा ब्राउझर चालवून पाने सरकवत नोंदत जातो. ‘स्कोपटाइप’ला ‘प्रीफिक्स’ दिले की तो दिलेल्या पत्त्याखालीच राहतो. ‘लिमिट’ सुरुवातीला ५० ठेवून निकाल पाहा, मग वाढवा. ‘वर्कर्स’ एकापासून सुरू करा. प्रत्येक वर्कर म्हणजे ब्राउझरचे एक उघडे पान, ४ जीबी रॅमच्या संगणकावर दोनच्या वर गेलात तर सगळे रखडते.

आणि उतरवण्याआधी एक बघा: हवे ते कोणी आधीच बांधून ठेवले आहे का? विकिपीडियासाठी एचटीट्रॅक लावण्यात अर्थ नाही. नेटविना वाचण्यासाठी साइट बांधून देणाऱ्या किविक्स प्रकल्पाकडे मराठी विकिपीडिया झिम या एका फाइलच्या स्वरूपात तयार आहे, चित्रांसह आणि चित्रांविना अशा वेगवेगळ्या आकारांत. नेट नसलेल्या शाळेत एका संगणकावर किविक्स-सर्व्ह चालवला की त्याच वायफायवरच्या सगळ्या फोनमध्ये तो ब्राउझरने उघडतो. मोठी झिम फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, तर दोष फाइलचा नाही. एफएटी-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फोनमध्ये ठेवलेली झिम फाइल प्ले स्टोअरवरच्या किविक्सला सापडत नसेल, तर किविक्सच्या साइटवरून थेट घेतलेले ॲप वापरा. प्ले स्टोअरच्या आवृत्तीवर इतर फोल्डर वाचण्याची बंधने आहेत.

प्रत ताजी ठेवताना

‘दर महिन्याला फक्त बदललेले उतरवा’ ही सोयही आता अर्धीच चालते. पान केव्हा बदलले ते सर्व्हरने ‘लास्ट-मॉडिफाइड’ हेडरमध्ये सांगितले तरच तुलना करता येते, आणि मागणीनुसार रचलेली पाने हा हेडर बहुधा पाठवत नाहीत. वीगेटच्या लॉगमध्ये तसा इशारा दिसला, तर दर वेळी सगळे नव्याने उतरणार हे धरून चाला. वीगेटने दुवे बदललेली फाइल मूळ फाइलपेक्षा वेगळ्या आकाराची होते, म्हणून ‘बॅकअप-कन्व्हर्टेड’ दिल्याशिवाय तुलना चुकते. एचटीट्रॅकमध्ये ‘एचटीएस-कॅश’ फोल्डर जागा वाचवायला पुसू नका. ते गेले की सॉफ्टवेअरला आधीचे काही आठवत नाही. ज्या साइटला साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) आहे, तिथे साइटमॅपमधली तारीख पाहून फक्त नव्या पत्त्यांची यादी करणे आणि ती यादी वीगेटला किंवा सिंगलफाइलला देणे अधिक भरवशाचे.

कोणतीही पद्धत वापरली तरी प्रत तपासताना वायफाय खरोखर बंद करा आणि ब्राउझरची खाजगी विंडो वापरा. नेट चालू असताना उतरलेले पान गुपचूप मूळ साइटवरून चित्रे आणते, आणि नेहमीच्या विंडोत ब्राउझरच्या साठ्यातली जुनी चित्रे दिसतात. दोन्ही वेळा प्रत पूर्ण असल्याचा भास होतो. पहिले पान, मधले एखादे जुने पान, सर्वांत लांब मथळ्याचे पान आणि एक चित्रांचे पान, एवढी चार पाने नेटविना उघडली, तरच मूळ साइटवर विसंबणे सोडा.